खोगिराच्या डाव्या बाजूला

काका,

परवा तुमच्या शोकसभेत मला पाच मिनिटं दिली होती, मी चारच बोललो. नोकरी गेली तेव्हा तुम्ही मला घरी ठेवून घेतलंत ते सांगितलं, व्हिसाच्या काळजीचे दिवस सांगितले, तबेल्यावरच्या खोलीतल्या लोखंडी पलंगाबद्दल सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी हळूच मान हलवली. मी खाली येऊन बसलो आणि उरलेलं एक मिनिट तसंच राहिलं.

त्या मिनिटात जे सांगायचं होतं ते तीन वर्षांपासून राहून गेलं आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात त्या सकाळी तुमची रायफल ऐन वेळी का अडकली, हे मला माहीत होतं. "हात नाही राहिला बे माझा," असं तुम्ही म्हणालात आणि मी गप्प बसलो. त्यानंतर तुम्ही डोंगरात गेला नाहीत, बंदूक हातात घेतली नाहीत. मला रोज वाटायचं, आज सांगू. आता कागदावर सांगतो आहे. पण सुरुवातीपासून सांगू द्या. जनावर कुठलंही असो, तुम्ही आधी सगळी हकीकत ऐकायचात आणि मगच हात लावायचात.

आपली ओळख घोड्याच्या पायाशी झाली. २००१ चा उन्हाळा होता. मला अमेरिकेत येऊन पाच महिने झाले होते. आमच्या इथल्या डब्लिन गावापासून वीसेक मिनिटांवर एक मराठी व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, राहतात, त्यांच्या शेतावर मराठी मंडळाची सहल आहे, एवढंच मला माहीत होतं. सगळे कुंपणाशी उभे राहून घोड्यांबरोबर फोटो काढत होते. तुमचा तांबडा घोडा मुकादम पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता. मी कागदी प्लेट गवतावर ठेवली, त्याच्या खांद्यावरून हात खाली नेत पाय उचलून मांडीवर घेतला. खुरात खडा रुतला होता. तो गाडीच्या किल्लीनं काढला. मागून आवाज आला, "कोणाचा बे तू?"

"परतवाड्याचा," मी म्हणालो.

"गाव नाही विचारून राहिलो. कोणाचा?"

"वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते."

"ट्रक?"

"नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग मुकादमच्या पायाकडे. "टांगा?"

मी मान हलवली. तुम्ही वळून चाळीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "अरे ऐका रे! हा टांगेवाल्याचा पोरगा आहे. तुमच्या सगळ्या इंजिनियरांत घोडा कळणारा हा एकटा!"

लोक हसले. वाईट कोणीच हसलं नाही, हे आज कळतं. तेव्हा माझे कान तापले होते. त्या चाळिसांत माझ्या ऑफिसातले तिघं होते आणि त्यांना मी 'ट्रान्सपोर्ट बिझनेस' असं सांगून ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडिलांनी परतवाड्याच्या बसस्टँडवर टांगा चालवून मला शिकवलं आणि मी सात समुद्र ओलांडून त्या टांग्यावर पांघरूण घातलं होतं.

सगळे गेल्यावर तुम्ही बाहेरच्या नळावर हात धूत होतात. मी धीर करून म्हणालो, "काका, ती माझी गोष्ट होती. मी सांगितली असती."

"केव्हा?"

"केव्हातरी."

तुम्ही नळ बंद केलात. "चुकलं माझं," म्हणालात. "यापुढे तुझं तूच सांगायचं. मी मध्ये तोंड नाही घालणार." आणि ओला हात पुढे केलात. साठीच्या जवळ आलेला डॉक्टर माणूस पंचविशीतल्या पोराची माफी मागतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तुम्ही तो शब्द किती पाळणार आहात, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात प्रोजेक्ट कॅन्सल झालं आणि माझी नोकरी गेली. नवी कंपनी लवकर मिळाली नाही तर सामान बांधून परतवाडा. मी तुम्हाला फोन करून फक्त "येत्या शनिवारी जमणार नाही" एवढंच म्हणालो होतो. तुम्ही कारण विचारलंत, मी सांगितलं, आणि त्याच दुपारी तुमच्या पिकअपमागे घोड्यांचा ट्रेलर लावून तुम्ही माझ्या अपार्टमेंटच्या दारात उभे. माझी गादी, कॉम्प्युटर, कुकर आणि दोन सुटकेसा, सगळा संसार ट्रेलरमध्ये मावला आणि दोन्ही घोडे आरामात उभे राहतील एवढी जागा उरली. घरी पोचल्यावर काकूंनी आत डोकावून विचारलं, "अहो, धुऊन नेला होता ना हा?"

"झाडून नेला होता."

"तुमचं नागपुरी झाडणं मला माहीत आहे. ती गादी आधी उन्हात टाका."

"पुण्याच्या माणसाला गादीची काळजी," तुम्ही मला म्हणालात. "माणसाची नंतर."

"माणसाला मी जेवायला वाढलंय," काकू म्हणाल्या, "तुम्ही गादी आणा."

मी नऊ आठवडे तुमच्याकडे राहिलो. सकाळी तबेला साफ करायचो. "हे काम नाही," तुम्ही रोज बजावायचात, "व्हिसावाल्यानं काम नाही करायचं. हा व्यायाम आहे." दुपारी स्वयंपाकघरात बसून मला इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारायचात. कॉम्प्युटरमधलं तुम्हाला काही कळत नव्हतं, पण उत्तर देताना माझा आवाज कुठे बसतो ते बरोबर कळायचं. "इथे लंगडून राहिला तू," म्हणायचात. "पुन्हा चाल." इन्शुरन्स कंपनीतली आजची नोकरी मी तशी चालून चालून मिळवली.

त्याच दिवसांत तुम्ही परतवाड्याला वडिलांना फोन लावला. वडील माझ्याशी फोनवर तीन वाक्यं बोलायचे. जेवला का, थंडी आहे का, ठेवतो. तुमच्याशी ते पाऊण तास बोलले. नालाचे खिळे, पोटाचा तंग कुठे घासतो, म्हातारा घोडा दाणा का टाकतो. फोनमधून मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं. लहानपणापासून मी त्यांना टांग्याबद्दल बोलताना असं हसलेलं ऐकलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. नंतर मला म्हणाले, "डॉक्टर आहे, पण घोड्यातलं कळते त्याला." पुढच्या सोमवारी इंटरव्ह्यूत कोणीतरी माझ्या घरच्यांबद्दल विचारलं, तेव्हा मी सांगितलं की वडील टांगा चालवायचे. माझ्या तोंडानं, पहिल्यांदा. घरी येऊन तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि मला दुसऱ्यांदा चहा दिलात.

नोकरी लागली तरी शनिवार तुमच्याकडेच जायचा. तिथेच मला ते म्यान पहिल्यांदा दिसलं. सामानाच्या खोलीत खुंटीवर टांगलेलं, जाड चामड्याचं, दोन पट्ट्यांचं, तेलानं काळपट झालेलं. इथले लोक त्याला स्कॅबर्ड म्हणतात. तुम्ही म्यान म्हणायचात, काकू 'ती पिशवी' म्हणायच्या. दर ऑक्टोबरात तुम्ही मुकादमला आणि ताईला, म्हणजे तुमच्या करड्या घोडीला, ट्रेलरमध्ये घालून दोन दिवस ड्राइव्ह करत कोलोरॅडोला जायचात, एल्कच्या शिकारीला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. मांस वर्षभर फ्रीजरमध्ये पुरायचं, अर्धं शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे जायचं.

"येतो का?" तुम्ही विचारलंत.

"मी मारणार नाही."

"मारायला कोण सांगून राहिलं? घोडी तर सांभाळशील."

तरी तुम्ही मला शिकाऱ्यांचा सेफ्टी कोर्स करायला लावलात आणि माझ्या नावाचं लायसन्स काढायला लावलंत. व्हिसावर आलेल्या माणसानं शिकारीचं लायसन्स खिशात असल्याशिवाय बंदुकीला बोटही लावायचं नाही, असा इथला कायदा. तो तुम्ही मला तीनदा वाचून दाखवलात.

मग सुरू झाली ताईची शाळा. घोड्याच्या बरगडीला लांब कडक काहीतरी चिकटलं की तो आधी बिथरतो. पहिला आठवडा तिच्यावर नुसतं रिकामं म्यान बांधायचं. दुसऱ्या आठवड्यात त्यात वजन हवं म्हणून तुम्ही काकूंचा लांब दांड्याचा झाडू त्यात खुपसलात. डाव्या बाजूला, रिकिबीच्या पट्ट्याखालून, बंदुकीच्या दस्त्याचं टोक पुढे मानेकडे वर, नळीचं टोक मागे खाली. झाडूचा केसाळ भाग माझ्या गुडघ्यासमोर डुलत होता आणि मी कुंपणाच्या आत गोल गोल फिरत होतो. खिडकी उघडली.

"माझा झाडू कुठे आहे?"

"घोड्यावर," तुम्ही म्हणालात.

"आणि घर कशानं झाडू?"

"पंधरा दिवस झाडू नको. संशोधन चालू आहे."

त्या झाडूवर मी सगळं शिकलो. बंदूक म्यानात जाताना चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं. झाडांतून जाताना गुडघ्यानं दस्ता सांभाळायचा, फांदीत अडकू द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो तुम्ही मला शंभरदा घोकायला लावलात. उतरलं की पहिलं काम, म्यानातून रायफल काढून हातात घ्यायची. लगाम बांधायचा, कंबर ताठ करायची, लघवीला जायचं, सगळं नंतर. "घोडा पळाला तर भूक लागली की येईल," म्हणायचात. "बंदूक घेऊन पळाला तर कुठे लोळेल, कशावर आपटेल, कोणाला सापडेल, सांगता येते?" मी उतरायचो, झाडू उपसायचो, हातात घेऊन उभा राहायचो. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणायचात, "शाब्बास. आता लगाम."

पहिल्या वर्षी आपण दोघं नियमाप्रमाणे भडक नारिंगी जॅकेटं घालून डोंगरात शिरलो. "संन्यासी झालो बे आपण," तुम्ही म्हणालात. "बंदूकवाले संन्यासी." वाटेत वनखात्याचा शिपाई भेटला. २००३ साल होतं. सावळ्या माणसांकडे लोक तेव्हा दोनदा बघायचे, आणि इथे आपण दोन सावळी माणसं घोड्यांवर, एकाच्या गुडघ्याखाली रायफल. मी खिशातलं लायसन्स चाचपलं. तुम्ही शांतपणे उतरलात, रायफल काढलीत, बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, उघडून रिकामं चेंबर त्याला दाखवलंत, लायसन्स दिलंत. त्यानं माझंही पाहिलं. आणि मग तुम्ही त्याच्या खेचराकडे बघून विचारलंत की मागचा डावा पाय कधीपासून असा टाकते. पंधरा मिनिटांनी तो शिपाई खेचराचा पाय धरून उभा होता आणि तुम्ही चिखलात गुडघ्यावर. त्या दिवशी मला कळलं की भीती घालवायला तुम्ही वेगळं काही करत नाही, हातातलं काम करत राहता.

शिकारीवरून मात्र आपलं भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, सहा दिवस जनावरं जगवायची आणि सातव्या दिवशी मारायचं, हे मला पटत नाही. तुम्ही म्हणायचात, रविवारी मटण खातोस ते काय झाडाला लागते? मी म्हणायचो, निदान मी मारत नाही. तुम्ही म्हणायचात, "तेच तर म्हणून राहिलो." एकदा तंबूत मी हट्टानं विचारलं की ट्रिगर दाबताना तुम्हाला काय वाटतं, खरं सांगा. तुम्ही बराच वेळ बूट काढत राहिलात. "सांगतो कधी," म्हणालात. ते राहिलं.

आता ती सकाळ.

२००५ चा दसरा आपला रस्त्यात गेला. माझ्या घरी खंडेनवमीला टांग्याची, चाबकाची, नालाच्या हातोड्याची पूजा व्हायची. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. वडील त्या दिवशी टांगा जुंपायचे नाहीत. त्या वर्षी तुम्ही रायफल म्यानासकट पहिल्यांदाच माझ्याकडे दिली होतीत. "मुकादमचा खांदा दुखून राहिला," म्हणालात, "तुझ्या ताईवर घे." आता ते हत्यार माझ्या अंगाला लागून जाणार, आणि त्याला साधं कुंकूही लागलेलं नाही, हे मला चैन पडू देईना. म्हणून शिकारीच्या पहिल्या दिवशी उजाडताना, तुम्ही बाहेर चहा करत होतात तेव्हा, मी तंबूत ब्लँकेटवर ठेवलेल्या रायफलीची पूजा केली. आईनं पुडीत बांधून दिलेल्या कुंकवाच्या अक्षता वाहिल्या. नियमाप्रमाणे बोल्ट उघडाच होता. फडक्यानं वरून पुसलं, नमस्कार केला, बोल्ट लावला, तो लागला. मला समाधान वाटलं. नंतर तुम्ही काडतुसं भरलीत, चेंबर रिकामं ठेवलंत, मी रायफल म्यानात सरकवली.

नऊच्या सुमाराला कड्याखालच्या मोकळ्या गवतात एक नर एल्क एकटा उभा दिसला. एवढी शिंगं मी कधी पाहिली नव्हती. तुम्ही हातानं खूण केलीत. मी उतरलो, पहिलं काम पहिलं, रायफल उपसून तुमच्या हातात दिली आणि दोन्ही लगाम धरून झाडामागे उभा राहिलो. तुम्ही पडलेल्या ओंडक्याशी जाऊन बसलात. वारा त्याच्याकडून आपल्याकडे येत होता. शिकारीच्या विरुद्ध असलेला मी, तुम्हाला तो मिळावा म्हणून श्वास धरून उभा होतो. तुम्ही बोल्ट पुढे ढकललात. तो बोटभर अलीकडे थांबला. पुन्हा ढकललात. मग तळव्यानं दाबलंत. खट्ट असा आवाज झाला, त्यानं डोकं वर केलं, आपल्याकडे पाहिलं आणि चालत, पळतसुद्धा नाही, चालत झाडीत गेला.

तुम्ही बोल्ट मागे ओढून काडतूस तळहातावर घेतलंत. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलात. मग शर्टाच्या खिशात टाकलंत आणि हाताची बोटं उघडमीट करत म्हणालात, "हात नाही राहिला बे माझा."

दुपारी कँपवर तुम्ही रायफल माझ्याकडे दिलीत. "साफ करून ठेव." मी बोल्ट बाहेर काढला. आतल्या खाचेत तांदळाचा चुरा होता, लाल. फडक्याला कुंकू लागलं. तुम्ही दहा पावलांवर मुकादमच्या पाठीवरून ब्रश फिरवत होतात, माझ्याकडे पाठ करून. मी ते फडकं चुलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सामान बांधलंत. परतीच्या वाटेवर मी तीनदा तोंड उघडलं. एकदा पेट्रोल पंपावर, तुम्ही काच पुसत होतात तेव्हा. "काका," म्हणालो. तुम्ही हात थांबवून वाट पाहत राहिलात. "कॉफी आणू?" मी विचारलं. "आण," तुम्ही म्हणालात.

पुढच्या वर्षी तुम्ही गेला नाहीत. घोडे म्हातारे झाले, लांबचं ड्रायव्हिंग होत नाही, अशी कारणं होती. तुमचा हात मात्र खरंच थरथरू लागला होता आणि मला वाटायचं, त्या सकाळी तुमच्या मनानं घेतलं तेच हातात उतरलं. दसऱ्याला मी ताट घेऊन सामानाच्या खोलीत आलो. तुम्ही ताटातली अक्षतांची वाटी उचलून बाजूला ठेवलीत. "फूल वाहा फक्त. तांदूळ सांडले की उंदीर होतात." घोड्यांच्या ओट्सची उघडी पोती भिंतीशी रचलेली होती, त्यांवर दोन मांजरं झोपली होती, आणि मला त्या वाक्यात काही वावगं दिसलं नाही.

परवा सभा संपल्यावर, तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले होते, तेव्हा काकूंनी मला त्याच खोलीत बोलावलं. म्यान खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं. "हे तुझं, त्यांनी सांगून ठेवलंय. बंदूकही तुझ्याच नावावर करायची आहे, कागद वकिलाकडे आहेत." मग विचारलं, "तू त्यांना कधी काही बोललास का रे? तांदळाचं?"

मी म्यान पोत्यांवर ठेवलं.

"त्याच दिवशी फोन केला होता मला," काकू म्हणाल्या. "काडतुसाला कुंकू लागलं होतं म्हणे. हसत होते. म्हणाले, पोरानं माझ्या बंदुकीचं लग्न लावलं. मी म्हटलं, मग सांगा त्याला. तर म्हणाले, त्याचं तो सांगेल. मी शब्द दिला आहे. साफ करायला दिली, म्हणाले, म्हणजे त्याला दिसेल. मग दर शनिवारी तू गेलास की मी विचारायचे, बोलला? तर म्हणायचे, नाही अजून. हॉस्पिटलात होते तेव्हा तू येऊन गेलास ना, तेव्हाही विचारलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, येईल बोलायला. घाई नाही."

मी रडलो, काका. काकूंनी रडू दिलं. मग मी विचारलं, हात? काकू म्हणाल्या की हाताचं निदान त्या शिकारीच्या आधीच्या उन्हाळ्यातच झालं होतं. मुकादमचा खांदा कधी दुखला नव्हता. "तो दाणा नसता तर गोळी सुटली असती," त्या म्हणाल्या. "कुठे लागली असती कोण जाणे. जखमी होऊन जनावर चार दिवस फिरलं असतं तर यांना सहन झालं नसतं. बरं झालं, असं एकदा म्हणाले होते. एकदाच."

म्हणजे तंबूत मी विचारलं होतं त्याचं उत्तर थोडंसं मिळालं. सगळं नाही. आणि भांडायचंच तर मलाही आता एक मुद्दा आहे. तुझं तूच सांग, असं मला बजावणाऱ्या माणसानं स्वतःच्या हाताचं घोड्याच्या खांद्यावर ढकललं. ट्रान्सपोर्ट बिझनेसच झाला की हा. यावर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला ऐकायचं होतं.

पण आभार आधी. मला घरात घेतलंत, उभं केलंत, ते सगळं मी सभेत सांगितलं. हे सांगायचं राहिलं की तुम्ही तीन वर्षं माझी वाट पाहिलीत. माझी चूक तुमच्या खिशात होती आणि तुम्ही ती एकदाही बाहेर काढली नाहीत, टोमणा मारला नाहीत, दसऱ्याला माझं ताटही अडवलं नाहीत, फक्त एक वाटी बाजूला ठेवलीत. मी भित्रा होतो. तुम्ही मला तसं म्हणाला नाहीत.

काल वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्षता वाहायच्या आधी बोल्ट लावून घ्यायचा ना बाबू." कारागीर माणूस. तुम्हाला आवडलं असतं.

दसरा सहा आठवड्यांवर आहे. काकू म्हणतात, ताईला अजून डोंगर झेपेल, मुकादमला नाही. मी जाणार आहे, त्या कड्यापर्यंत. मारणार नाही, ते आपलं भांडण तसंच राहू द्या. पण ताईच्या अंगावर तीन वर्षं म्यान चढलेलं नाही, तिची शाळा पहिल्यापासून घ्यावी लागेल. म्हणून आज सकाळी खोगीर घातलं, तंग आवळला, डाव्या बाजूला, रिकिबीच्या पट्ट्याखालून, म्यान बांधलं आणि मागच्या दारातून झाडू आणून त्यात खुपसला. ती थोडी बिचकली, मग तिला आठवलं. कुंपणाच्या आत गोल फिरताना मी मोठ्यानं बोललो, नाहीतर पुन्हा राहून जाईल म्हणून. "काका, तो दाणा माझा होता."

खिडकी उघडली.

"प्रमोद, माझा झाडू कुठे आहे?"

"घोडीवर, काकू."

काकू खिडकी उघडीच ठेवून उभ्या राहिल्या. मी आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि उतरलो. आधी झाडू काढून हातात घेतला. मग लगाम बांधला.